सराव म्हणायचा की शिक्षा?

मैत्रिणींनो, नोव्हेंबर २०२५ मधली वसईची बातमी तुम्ही वाचली असेलच. सहावीतली एक मुलगी शाळेत उशिरा आली. तिला शंभर उठाबशा काढायला लावल्या, तेही पाठीवर दप्तर असताना. त्यानंतर तिची तब्येत बिघडत गेली आणि बालदिनाच्या सुमारास ती गेली, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं. शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. न्यायालय काय तो निकाल देईल. पण वाचणाऱ्या प्रत्येक आईच्या पोटात खड्डा पडला, हे खरं.

अशी ही पहिलीच बातमी नव्हे. २०१७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या कानूर बुद्रुकच्या शाळेत आठवीतल्या मुलीला गृहपाठ केला नाही म्हणून पाचशे उठाबशांची शिक्षा दिल्याचं प्रकरण गाजलं होतं. तीनशेच्या आसपास काढल्यावर तिची अवस्था इतकी वाईट झाली, की तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं.

या दोन्ही ठिकाणी छडी नव्हती, हे लक्षात घ्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली. छडी कपाटात गेली, पण शिक्षा करण्याची सवय कुठे गेली? ती व्यायामाचं रूप घेऊन मैदानावर आली. ‘दहा चकरा मार’, ‘पन्नास जोर काढ’, ‘शंभर उठाबशा’. अंगावर वळ उठत नाही, रक्त येत नाही, त्यामुळे कुणाला काही दाखवताही येत नाही. आमच्या जवळा बाजारला बचत गटाच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला, की एखादी बाई हमखास म्हणते, “सरांनी मारलं नाही हो ताई, नुसत्या उठाबशा काढायला लावल्या.” या ‘नुसत्या’ शब्दाचाच आज विचार करायचा आहे.

हा प्रश्न सगळ्यात टोकाला कुठे जातो, ते पाहायचं तर जिम्नॅस्टिक्सकडे बघावं. आपल्या खेड्यापाड्यात हा खेळ फारसा नाही. पण आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला त्याचं प्रशिक्षण मिळतं, आणि खेलो इंडिया स्पर्धांत महाराष्ट्राच्या मुली त्यात पदकं आणतात. मुलींच्या बॅलन्स बीमची रुंदी अवघी दहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पसरलेल्या पंज्याएवढीही नाही. उंची सव्वा मीटर. त्यावर कोलांटी मारायची. एकदा पडलं की एक गुण गेला. असा खेळ पुन:पुन्हा केल्याशिवाय येईल कसा? सरावाला पर्याय नाही, हे मान्यच.

मग सराव कुठे संपतो आणि शिक्षा कुठे सुरू होते? माझ्या मते ओळखायची खूण सोपी आहे. चूक झाल्यावर प्रशिक्षक सांगतो, “गुडघा वाकतोय, इथे हात टेक, आता दोनदा करून दाखव.” हा सराव झाला. आणि चूक झाल्यावर तो म्हणतो, “पुन्हा पडलीस? आता तीस वेळा कर, मग कळेल.” ही शिक्षा. पहिल्यात मुलीला काय बदलायचं ते कळतं. दुसऱ्यात तिला एवढंच कळतं, की सर चिडलेत. तो तीसचा आकडाही चुकीवरून ठरत नाही, सरांच्या रागावरून ठरतो.

याचा तोटा खेळालाच होतो. थकलेलं शरीर नीट हालचाल करू शकत नाही. विसाव्या वेळेला मुलगी जे करते ती योग्य उडी नसते. कशीबशी मारलेली, चुकीची उडी असते. तीच चूक दहा वेळा केली, की अंगवळणी पडते. म्हणजे चूक काढायला निघालो आणि चूकच पक्की करून बसलो! बरं, वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग कोवळा असतो. मनगटावर, टाचेवर तोच तोच भार पडत राहिला तर तिथे दुखापत होते. आणि शरीराला सवय नसताना एकदम अति व्यायाम करवला, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी अंग भयंकर दुखतं, लघवी काळ्या चहासारखी होते. हे दिसलं तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

श्रीमंत देशांत तरी हे नीट असेल, असं वाटतं ना? ब्रिटनमध्ये जिम्नॅस्ट मुलींनी २०२० मध्ये तोंड उघडलं. मग ॲन व्हाइट या वकील बाईंनी चौकशी केली, जून २०२२ मध्ये अहवाल आला. चारशेहून अधिक जणांनी त्यांच्याकडे आपलं म्हणणं मांडलं होतं. दुखापतीवर सराव करायला लावणं, अंग जबरदस्तीने ताणणं, वजनावरून अपमान करणं, पाणी पिऊ न देणं, लघवीला जाऊ न देणं, असं कितीतरी बाहेर आलं. मुलींचं सुख आणि सुरक्षितता पदकांच्या मागे ढकलली गेली, हे त्यातून दिसलं. पदक मोठं आणि पोर लहान, असा हा हिशोब.

आपल्या देशातला बुधिया सिंग आठवतो? ओडिशाचा चार वर्षांचा पोरगा. मे २००६ मध्ये तो पुरी ते भुवनेश्वर असा ६५ किलोमीटर, सुमारे सात तास धावला. त्याच्या प्रशिक्षकाने सांगितलेली सुरुवातीची हकिगत अशी, की पोराने शिवी दिली म्हणून त्याला शिक्षा म्हणून पळायला लावलं, आणि काही तासांनी येऊन पाहतो तर पोरगा अजून पळतोच आहे! सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. पुढे सरकारी यंत्रणेने त्याच्या लांब धावण्यावर बंदी आणली. मोठेपणी तो ऑलिंपिकपर्यंत काही पोचला नाही. चार वर्षांचं पोर तासन् तास थांबत का नाही, हा प्रश्न मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडला.

याउलट त्रिपुराची दीपा कर्माकर बघा. जन्मत: तळपाय सपाट, म्हणजे या खेळाला अडचणीचेच. सुरुवातीला धड साधनंसुद्धा नव्हती, जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून केलेल्या जुगाडावर तिने सराव केला. तिनेही एकेक उडी असंख्य वेळा मारली असणार. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, अगदी थोडक्यात पदक हुकलं. पण प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्यावरचा तिचा विश्वास अखेरपर्यंत टिकला. आणि अमेरिकेची सिमोन बाइल्स? टोकियोत २०२१ मध्ये हवेत असताना आपलं भान हरवतंय, हे कळल्यावर तिने स्पर्धेतून अंग काढून घेतलं. २०२४ ला पॅरिसमध्ये परत येऊन तिने सुवर्णपदकं जिंकली. थांबता येणं हीदेखील खेळाडूची अक्कल आहे. शिक्षेने वाढवलेल्या मुलीला तेच शिकवलं जात नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या मुली कबड्डी, खो-खो खेळतात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. सरकारी आरोग्य पाहणीप्रमाणे किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आहे. कित्येक जणी उपाशीपोटी मैदानावर जातात. पाळीच्या दिवसांत सरांना सांगायची लाज वाटते. अशा मुलीला ‘शंभर काढ’ म्हणणाऱ्याला तिच्या अंगात काय चाललंय, हे ठाऊक तरी असतं का?

म्हणून मुलीला कुठल्याही सरांकडे पाठवण्याआधी चार गोष्टी विचारा. चूक झाली तर तुम्ही काय करता? सराव चालू असताना पालकांना बघू देता का? पाणी प्यायला, विश्रांतीला मधे थांबवता का? दुखलं तर सांगायची मोकळीक आहे का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याने उत्तर दिल्यासारखंच आहे.

कायदाही आपल्या बाजूला आहे. शिक्षणहक्क कायदा शाळेपुरता. पण बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा कुणीही त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना दिल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी क्लासचे सरही यातून सुटत नाहीत. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा नंबर आहे, तो स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि एक काम घरातलं. मुलगी मैदानावरून आली, की ‘जिंकलीस का?’ याच्या आधी ‘आज सर काय म्हणाले?’ असं विचारा. ती गप्प बसली किंवा ‘काही नाही, नुसत्या उठाबशा’ म्हणाली, तर हातातलं काम बाजूला ठेवून तिच्याजवळ बसा. किती काढायला लावल्या आणि कशासाठी, हे नीट विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मैदानावर जाऊन सरांनाही तेच विचारा. भांडायला नको, शांतपणे विचारा. आईचं लक्ष आहे, एवढं कळलं तरी मोजणी बऱ्याच ठिकाणी आपोआप थांबते.