आंतड्यांतील आश्रित

जंतु म्हटला कीं तो मारावा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांत जे कोट्यनुकोटि सूक्ष्म जंतु नित्य वास करितात, ते बहुतांशीं शत्रु नसून घरच्या आश्रितांसारखे आहेत. त्यांस अन्न मिळालें तर ते घर राखतात.

त्यांचें अन्न म्हणजे धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या व फळें ह्यांतील आपणांस न पचणारा चोथा. त्यापासून ते ब्युटिरिक आम्ल तयार करितात. आंतड्याच्या अस्तराचें पोषण मुख्यत्वें ह्यावरच होतें. शिवाय, शरीराच्या रक्षक पेशींपैकीं दाह आवरणाऱ्या ज्या नियामक पेशी, त्या ह्या आम्लानें वाढतात, असें २०१३ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. ह्याच पेशींविषयींच्या संशोधनास २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जपानचे साकागुची हे त्याच्या तिघां मानकऱ्यांपैकीं एक होत. दाह वर्षानुवर्षें धुमसत राहिला, तर कर्करोगास भूमि तयार होते. म्हणून ह्या शोधाचें महत्त्व.

शाकाहारी म्हणून निर्धास्त असणाऱ्या घरांनीं येथें थोडें थांबावें. अंबरनाथ-बदलापुराहून पहांटेची लोकल गाठणारीं मुलें बिस्किटें व पाव खाऊन निघतात. मैदा, साबूदाणा, सडीक तांदूळ हाही शाकाहारच. पण आश्रितांच्या वाट्यास त्यांतून फारसें कांहीं येत नाहीं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, बदलापूरचीं जांभळें, उल्हासनगरच्या सिंधी घरांत आवडीनें होणारी कमळकाकडीची भाजी, हीं त्यांचीं खरीं पक्वान्नें.

तथापि आहार म्हणजे कवचकुंडलें नव्हेत. शौचावाटे रक्त गेलें कीं "मूळव्याध असेल" असें म्हणून वडील माणसें, विशेषतः घरांतील स्त्रिया, संकोचानें गप्प राहतात. हा संकोच घातक आहे. आंतड्यांत प्रथम बहुधा लहानसा मांसांकुर उगवतो. त्याचा कर्करोग होण्यास सुमारें दहा वर्षें लागतात. तोंवर दुर्बिणीनें पाहून तो तेथल्या तेथें काढतां येतो. सरकारी तपासणींत मुख, स्तन व गर्भाशयमुख ह्यांचे कर्करोग पाहतात, आंतड्याचा नाहीं; तेव्हां ही राखण घरानेंच करावयाची. रक्त दिसलें, शौचाची संवय बदलून तशीच राहिली, किंवा घराण्यांत हा रोग झालेला असेल, तर वय न पाहतां डॉक्टरांस दाखवावें. १९४१ सालापासून परळास टाटा रुग्णालय उभें आहे.

सुनांनीं सासूबाईंस, मुलांनीं वडिलांस हा प्रश्न एकवार स्पष्ट विचारावा. त्यांत अमर्यादा नाहीं. ती सेवाच होय.