यंत्र उघडणारे हात

‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर शाळेत निबंध लिहिणाऱ्या पिढ्या आज पालकांच्या भूमिकेत आहेत. ‘सारे काही वापरणाऱ्यावर अवलंबून असते’ या वाक्याने तो निबंध बहुधा संपत असे आणि गुणही मिळत असत. आज त्याच पिढीच्या घरात दोन वर्षांचे मूल मोबाईलवर चित्रफीत लावल्याखेरीज घास गिळत नाही. निबंधातील ते वाक्य आता अपुरे पडू लागले आहे.

जगभरात यावर उपाय शोधले जात आहेत. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार या वयात हा वेळ दिवसाकाठी एक तासापलीकडे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. ‘किती वेळ’ हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याहून मूलगामी प्रश्न वेगळा आहे. यंत्रासमोर बसलेले मूल केवळ ग्राहक आहे की कर्ता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी करवीरनगरीला दूर जाण्याचे कारण नाही. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना, म्हणजेच कलामहर्षी बाबूराव पेंटर यांना, कोणत्याही कलाशाळेची पदवी नव्हती. त्यांचे वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, धातू, हस्तिदंत, रंग अशा अनेक माध्यमांत त्यांचा हात चाले. घर हीच कार्यशाळा आणि वडिलांचे काम हाच पाठ, अशा वातावरणात बाबूराव वाढले. ‘हे असे का फिरते?’ हा प्रश्न त्या घरात उद्धटपणा मानला गेला नसणार.

पुढे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला आणि नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या आनंदराव व बाबूराव या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. हाताशी असलेल्या प्रक्षेपक यंत्राचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यावरून कॅमेरा घडविण्याचा घाट घातला. काम अपुरे असतानाच १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी केली. एका कारागिराने मुलाच्या हाती दिलेल्या हत्यारांचे ऋण असे दूरवर पोहोचले.

त्या काळी चित्रपट हे आजच्या मोबाईलइतकेच नवे, झगझगीत आणि परदेशी तंत्र होते. बाबूरावांनी त्याला शाप म्हटले नाही, आणि केवळ प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजविण्यातही समाधान मानले नाही. त्यांनी यंत्र उघडले, समजून घेतले आणि त्यातून आपली कथा सांगितली. तंत्रज्ञानाशी स्वाभिमानाचे नाते जोडणे म्हणतात ते हेच.

आता आजच्या घराकडे पाहावे. दिवाळीत अंगणात किल्ला करणे ही मराठी बालपणाची केवढी मोठी शाळा! माती कालवायची, विटांचे तुकडे आणि पोती रचायची, अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहायची. आज तयार किल्ला बाजारातून येतो, छायाचित्र काढून झाले की कोपऱ्यात पडतो. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत आपला पन्हाळाही आहे. परंतु पाणी कोठे साठवावे, धान्य कोठे ठेवावे, दरवाजा कोणीकडे वळवावा, हे प्रश्न चिखलात हात घातलेल्या मुलालाच पडतात. त्यालाच पन्हाळ्याची अंधारबाव आणि अंबरखाना खऱ्या अर्थाने दिसतो.

यावर पालकांचे म्हणणे असते की, दोघेही नोकरी करतात, सदनिकेला अंगण नाही, वेळ उरत नाही. ही अडचण खोटी नाही. थकून आलेल्या आईच्या हातून मोबाईल मुलाकडे जातो तो लाडापेक्षा नाइलाजानेच. तिला दोष देऊन काही साधणार नाही. मात्र सर्जनशीलतेला अंगण लागतेच असे नाही. बिघडलेला पंखा किंवा बंद पडलेले घड्याळ भंगारात देण्यापूर्वी बापाने मुलासह उघडून पाहावे. पोळी लाटताना उरलेला कणकेचा गोळा मुलाच्या हाती द्यावा. उद्यमनगरातील एखादा कारखाना, हुपरीतील चांदीकाम सुटीत दाखवावे. आणि मोबाईलही कामाला लावावा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यात ध्वनिमुद्रित करणारे मूल यंत्राचे धनी असते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. एका खेड्याने दाखविलेला हा सामूहिक निग्रह अभिनंदनीय आहे. परंतु भोंग्याने पडदा बंद होतो. त्या दीड तासात काय घडवायचे, हे घरालाच ठरवावे लागते. रिकामा वेळ आणि रिकामे हात पुन्हा पडद्याकडेच वळतात.

संस्कार म्हणजे सायंकाळची शुभंकरोति खरीच. पण आईवडिलांचे कामात गुंतलेले हात पाहणे हाही संस्कारच आहे. पालक स्वतः मोबाईलमध्ये मान घालून बसले असतील, तर मुलाला केलेला उपदेश वाऱ्यावर जातो. कृष्णराव मेस्त्री यांनी मुलाला काय उपदेश केला, हे इतिहास सांगत नाही. त्यांनी मुलासमोर काय काय घडविले, ते मात्र मुलाच्या हातांत उतरले. आजच्या प्रत्येक घराने तेवढे करून पाहावे.