वैभव कुणाचं, आन् रडायचं कुणी?

गेल्या महिन्यात सोलापुरात एका सभागृहात भाषण ऐकलं. वक्ता मोठा. नाव सांगत नाही, कारण असं भाषण इथं दर महिन्याला कुणी ना कुणी करतंच. मी दिवसपाळी करून तसाच गेलो होतो, केसातला कापूससुद्धा झटकला नव्हता. वक्ता भोंग्यावर बोलला. चिमण्यांवर बोलला. भोंगा झाला की शहर कसं जागं व्हायचं, गिरणी सुटली की रस्ते माणसांनी कसे भरून वाहायचे, सोलापुरी चादर मुलुखभर कशी जायची. शेवटी त्याचा गळा भरून आला. रुमाल काढला. टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली पोरं होती. पुढच्या दोन रांगा भरून, गळ्यात निळे गमछे. म्हणून लिहितोय. नुसत्या त्या वक्त्यासाठी मी शाई घालवली नसती.

तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या? सांगा ना.

जुनी मिल १८७७ सालची. मागनं लक्ष्मी आली, विष्णू आली, नरसिंगगिरजी, जाम. ह्या नावांची जपमाळ शहरातला कुणीही पांढरपेशा डोळे मिटून ओढतो. माझा पणजा करमाळ्याकडनं दुष्काळात चालत आला. गावात मेलेलं ढोर ओढायचं काम होतं, इथं कापूस ओढायचं लागलं. गाठी फोडायच्या, फुफाट्यात उभं राहायचं, संध्याकाळी खोकत घरी यायचं. साचेखात्यात त्याला कुणी पाय ठेवू दिला नाही. कारण धोटा. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं ओढून घ्यायचं. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला लागायची. तिथं महाराची थुंकी चालेल कशी? आणि पैसा तर साच्यावरच जास्त. म्हणजे विटाळाचा हिशेब दर पगाराला रुपये-आण्यांत होत होता आणि तो आमच्या खिशातनं कापला जात होता.

हे एकट्या सोलापूरचं नाही. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला. तुमच्या मागण्यांत अस्पृश्यांना विणकाम खातं खुलं करा ही मागणी का नाही? पुढारी खुशीनं कबूल झाले नाहीत. आमचे लोक संपात राहणार नाहीत म्हटल्यावर झाले. कामगारांचे पुढारी, बरं का. मालक नव्हेत.

आणि सेटलमेंट विसरू नका. इंग्रजाने ज्यांच्या कपाळावर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्या जमातींना ह्याच शहरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परत तारेच्या आत. १९५२ च्या ३१ ऑगस्टला ते सुटले. भोंगा त्यांनीही ऐकला. त्यांच्या आठवणीतला भोंगा कुठल्या सभागृहात वाजतो ते मला दाखवा.

आता कुणी म्हणेल, हा गिरणीवर थुंकतोय. नाही. माझा आज्जा गिरणीतच होता. आधी बदली म्हणून वर्षानुवर्षं गेटावर उभा राहिला, मुकादमाच्या तोंडाकडं बघत. मग कायम झाला. कायम झाला त्या साली घरावर पत्रा आला. बाप शाळेत गेला. आमच्या गल्लीतल्या विहाराच्या विटा गिरणीच्या बोनसमधनं आल्या, आज्जा त्या विटेवर हात ठेवून सांगायचा. पीएफची पावती तो बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवायचा. म्हणजे काय? आमच्याकडं वैभव कधीच नव्हतं. पगार होता. हे दोन वेगळे आहेत. ज्यांचं वैभव गेलं त्यांनी रुमाल काढावा. आमचा पगार गेला, आणि पगारासाठी रुमाल काढून भागत नाही.

गेला कसा ते तर वक्ता बोललाच नाही. काळाच्या ओघात गेला म्हणे. च्यायला, काळ काय गिरणीचा मॅनेजर होता? मालकांनी चांगल्या वर्षांत नफा उचलला, यंत्र तेच जुनं ठेवलं. बाजूला शेडमध्ये यंत्रमाग उभे राहिले. तिथं ना पाळीचा कायदा, ना पीएफ, ना युनियन. गिरणीपेक्षा कापड स्वस्त पडणारच. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं सरकारनं सांगून टाकलं, चालणार नाही ती गिरणी बंद पडू दे. विसावं शतक संपता संपता इथले भोंगे एकामागं एक गप झाले. गिरणीतला माणूस शेडमध्ये गेला, तेच काम निम्म्या पैशात करायला. पुढं नोटबंदी आली २०१६ ला, जीएसटी आला २०१७ ला, पानिपतची चादर सोलापुरी म्हणून बाजारात विकली जाऊ लागली, आणि शेडसुद्धा धापा टाकू लागली. मालक रडतो तेव्हा खोटं रडत नाही, हे मी मान्य करतो. पण त्याचं रडणं माझ्या हजेरीतनं वसूल होतं.

मी ज्या गिरणीत सूत काढतो तिची गोष्ट सांगतो. मालकाचं नाव नको. एक शेड, एक गेट, एक मुकादम, पण कागदावर तीन कंपन्या. पीएफला वीस कामगारांची अट आहे, म्हणून ३४ माणसं तीन नावांत वाटलेली. मी तिसऱ्या नावात. तिथं आम्ही ११. पाळी बारा तासांची. गेल्या उन्हाळ्यात फ्रेमवर एका पोराचं बोट गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव तिन्ही कागदांवर नव्हतं.

ह्या सगळ्यावर शहरातल्या शहाण्यांचा इलाज काय? विमान. २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली. जे शहर गिरणीच्या चिमणीसाठी कविता करतं, ते ह्या चिमणीवरनं दोन तट करून भांडत होतं. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं. उडू दे, माझं काही म्हणणं नाही. आमच्या शेडमधल्या ३४ जणांपैकी गोव्याला कोण चाललंय ते मी विचारून बघितलं. सगळे हसले. त्याआधी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं नाव आलं होतं, तेव्हाही फटाके वाजले होते. उजनी भरलेली असताना चार-चार दिवसांआड पाणी, ही इथल्या नळाची वर्षानुवर्षांची रीत. माझी आई नळाच्या दिवसाला काम बुडवते. तिच्या बुडालेल्या हजेरीचा आकडा कुठल्या स्मार्ट नकाशावर नाही.

पण हे मी तुम्हाला सांगायला बसलो नाही. हे तुम्हाला माहीत आहे. मला भांडायचंय ते तुमच्याशी, म्हणजे माझ्याशीच.

आपण जयंतीला वर्गणी काढतो. डीजेच्या भिंती उभ्या करतो, शेजारच्या मंडळापेक्षा एक थर जास्त. मीही नाचलोय, खोटं कशाला बोलू. पण अक्कलकोट रोडच्या एका तरी शेडवर निळा झेंडा आहे का? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिला शत्रू आपण पाठ केला, दुसरा गाळला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क बांधणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबर संपात उतरला. दहा वर्षांपूर्वी धोट्यावरनं ज्यांच्याशी भांडले, त्यांच्याच बरोबर. भांडण विसरून नव्हे, लक्षात ठेवून.

आणि आपण? २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. आधी शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळं लावायचं तर सरकारची परवानगी लागायची. आता तीनशेच्या आत असेल तर लागत नाही. ह्यावर आपल्या शाखेत एक बैठक झाली नाही. बॅनरवर कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, ह्यावर तीन झाल्या.

लाल बावट्यावर आपण तोंड भरून टीका करतो. जातीवर ते बोलत नाहीत, खरं आहे. पण कुंभारीला विडी वळणाऱ्या बायांची दहा हजार घरं त्यांनी भांडून उभी केली. मग रे नगरची तीस हजारांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ ला ताब्यात मिळाली. चाव्या पंतप्रधानांनी वाटल्या, फोटो त्यांचा आला, पण मोर्चे त्या बायांनी काढले होते. त्या घरांत आपल्याही बाया राहतात. त्या कुठल्या झेंड्याखाली चालल्या होत्या, ते त्यांना विचारा आणि मग टीका करा.

तुमच्यातले निम्मे आता हे पान पुण्यात वाचत असतील. चाकणला, रांजणगावला, ठेकेदाराच्या खोलीत सहाजण मिळून. माझा जिवलग मित्र एमए झाला, बीएड झाला, आज चाकणला पुठ्ठ्याचे खोके चिकटवतो. जयंतीला एका रात्रीपुरता येतो आणि म्हणतो, सोलापूर मेलं रे, तू कशाला थांबलास? गाव काय चीज आहे हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत तोंडावर सांगितलं. आमच्या बापजाद्यांनी गाव सोडलं, शहर गाठलं. आता शहरही सोडायचं म्हणता. सोडा. पण चाकणलाही तू कागदावर दुसऱ्याच नावात आहेस, हे विसरू नको.

चाकणच्या एका कंपनीचा फॉर्म माझ्याही खिशात आहे. मित्रानंच पाठवला. दोनदा भरला, दोनदा सही करायची राहिली. तो मला भित्रा म्हणतो. असेनही.

माझ्या कवितेच्या वहीच्या मागच्या पानांवर मी नावं लिहायला लागलोय. शेडमधल्या ३४ जणांची, खऱ्या हजेरीच्या तारखांसकट, कोण कुठल्या फ्रेमवर, किती तास. वीस सह्या झाल्या की पीएफ कचेरीत जायचं, तीन नावं एकच गिरणी आहे म्हणून अर्ज द्यायला. मालक ही पानं वाचत नाही. मुकादमाचा पोरगा कॉलेजला आहे, तो वाचत असेल तर वाचू दे. आतापर्यंत १७ झाल्यात. त्यातल्या दोन आपल्या नाहीत, पद्मशाली आहेत, एक मुसलमान आहे. उरलेले कुणी आज नको म्हणतात, कुणी बायकोला विचारून सांगतो म्हणतात. तिघं मात्र रात्रपाळीला आहेत, त्यांच्याशी अजून बोलणंच झालं नाही. त्यांना सकाळी सातला गेटावर गाठायचंय.