यमूला वेळ कोण देतं?

पनवेलहून एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची भाची फिलिपाइन्समध्ये डॉक्टरकी शिकते. सुट्टीत आली तेव्हा सांगत होती, की तिथल्या मुलांना होसे रिझाल यांच्या कादंबऱ्या शिकाव्याच लागतात. १९५६ साली तसा कायदाच झाला. ते ऐकून यांची नववीतली मुलगी म्हणाली, "आपल्याकडे आहे का गं आई असं पुस्तक?" पुढे त्या लिहितात, "ताई, मे महिन्यात तिच्याबरोबर काही वाचावं असं फार मनात आहे. पण माझी बारावी झाली नि लग्न ठरलं, शिक्षण तिथंच राहिलं. मी काय शिकवणार? सासूबाई तर आत्तापासून म्हणताहेत, दहावी झाली की पुरे, पोरीला लोकलने लांब पाठवायचं नाही. आणि धाकट्या मुलालाही वाचायला बसवू का?"

आधी भाचीच्या पुस्तकाविषयी. 'नोली मे तांगेरे' ही रिझाल यांची कादंबरी १८८७ साली निघाली. युरोपात शिकून आलेला इबारा गावात शाळा बांधायला निघतो आणि पायाभरणीच्याच दिवशी त्याचा जीव घ्यायचा घाट घातला जातो. मला मात्र त्यातला गावचा मास्तर जास्त आवडतो. शाळेला इमारत नाही, म्हणून पाद्रीबाबांच्या घराखाली बग्गीशेजारी वर्ग भरतो आणि मोठ्यांदा वाचायची चोरी! मास्तर छडी बंद करतो, तर पाद्री रागावतातच, पण पोरांचे आईबापच म्हणतात, मारल्याशिवाय विद्या येते होय? बिचाऱ्याला पुन्हा छडी हातात घ्यावी लागते. चिकाटी म्हणजे काय ते मुलीला सांगायचं तर मी इबाराऐवजी या मास्तराचं उदाहरण देईन. हरतो, तरी शाळा सोडून जात नाही.

आता आपलं पुस्तक. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० च्या सुमारास त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमाक्रमाने येत गेली आणि १८९३ साली पुस्तक झालं. म्हणजे रिझालच्या बरोबरीचीच की! यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. माहेर, लाडका दादा, मैत्रीण दुर्गी, मग सासर. नवरा रघुनाथराव समंजस. त्याच्या पाठबळाने ती लिहू-वाचू लागते. मुंबईत बिऱ्हाड होतं तेव्हाचे दिवस तर वाचतानाही हसू येतं. मग नवरा जातो आणि शंकरमामंजी तिचं बळजबरीने केशवपन करवतात. ते प्रकरण चौदा वर्षांच्या मुलीला एकटीला वाचायला देऊ नका. शेजारी बसा.

पुस्तक जाडजूड आहे आणि भाषा जुनी. रोज अर्धा तास, दिवेलागणीनंतर, एवढंच ठरवा. एक दिवस तुम्ही मोठ्यांदा वाचा, एक दिवस तिने. 'आलवण', 'सोवळी' असे शब्द अडले की कोश शोधण्याआधी सासूबाईंना विचारा. त्यांना नक्की ठाऊक असतील, आणि एकदा सांगायला बसल्या की त्यांच्या आजीची, आत्याची गोष्टही निघेल. त्यांची स्वतःची शाळा कितवीत सुटली आणि कोणी सोडवली, हे नातीनेच त्यांना विचारावं. सुनेने विचारलं तर वाद होतो, नातीने विचारलं तर आठवण निघते!

'तात्पर्य काय?' हे मात्र विचारू नका हं. शाळेत ते पुष्कळ होतं. त्याऐवजी विचारा, यमूला शिकायला वेळ कोण देतं आणि कोण काढून घेतं? मग आपल्या घरातही बघायला सांगा. उत्तर ऐकायची तयारी ठेवा. 'दादाचा अभ्यास असला की टीव्ही बंद, माझा असला की पानं घ्यायला हाक' असं बऱ्याच घरांतून ऐकू येतं, आणि हाक मारणारी आईच असते.

यमूचा शेवट वाचून मुलगी गप्प झाली, तर तिला गोदूबाईंविषयी सांगा. कोकणातल्या देवरुखची ही मुलगी आठव्या वर्षी विधवा झाली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. वयाची विशी उलटल्यावर ती शाळेत बसली. १८९३ साली, यमूचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे. पुढे त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिलं, तेही मिळालं तर आणा.

आणि एखाद्या रविवारी मुलांना शिरढोणला घेऊन जा. तुमच्या घरापासून लांब नाही. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुण्यात ज्यांनी मिळून शाळा काढली आणि जिच्यातून महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, त्यांतले ते एक, हे किती जणांना माहीत आहे?

'मी काय शिकवणार' म्हणता, तर बारावी झालेल्या बाईला कादंबरी वाचून दाखवायला कुठलं प्रमाणपत्र लागतं? आणि लागतच असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. बारावीवर बी.ए.ला प्रवेश मिळतो, घर सांभाळून अभ्यास करता येतो. जूनच्या सुमारास चौकशी करा. सासूबाईंशी लोकलचा वाद घालण्यापेक्षा मुलीने रोज तुम्हाला पुस्तक उघडून बसलेलं पाहिलं, तर तिची बाजू जास्त भक्कम होईल.

धाकट्याला बसवायचं का? बसवायचं तर! फक्त तेवढे दिवस पानं घ्यायचं काम त्याच्याकडे द्या.