नोबिताची आजी आणि भीमाची आत्या

वस्तीत आरोग्याच्या कामाला फिरताना आयाबाया एक गाऱ्हाणं हमखास सांगतात. "ताई, पोरगं मोबाईल सोडत नाही. जेवताना डोरेमॉन, झोपताना डोरेमॉन. डोळे जातील की हो त्याचे!" डोळ्यांचं आणि झोपेचं पुढे सांगतेच. पण त्याआधी आपण एक विचार केला पाहिजे. आपल्या पोरांना त्या कार्टूनमध्ये एवढं सापडतं तरी काय?

डोरेमॉन मूळचं जपानचं. फुजिको एफ. फुजिओ या नावाने चित्रं काढणाऱ्या कलावंताने 1969 च्या शेवटी ही चित्रकथा सुरू केली. 1979 पासून ती जपानच्या टीव्हीवर गाजली आणि 2005 च्या सुमारास हिंदीतून आपल्या घरात आली. त्यात नोबिता नावाचा शाळकरी मुलगा आहे. अभ्यासात कच्चा, खेळात मागे, रडका. त्याचं पुढं काही धड होत नाही म्हणून बाविसाव्या शतकातून त्याचा खापरपणतू डोरेमॉन नावाचं यंत्रमांजर त्याच्या मदतीला पाठवतो. डोरेमॉनच्या पोटाला खिसा आहे, त्यातून तो अजब वस्तू काढतो. नोबिता ती वस्तू वापरून पळवाट शोधतो आणि बहुतेक वेळा स्वतःच फसतो.

सगळ्यांना वाटतं, पोरं त्या अजब वस्तूंसाठी बघतात. मला तसं वाटत नाही. वस्तूची गंमत दोन मिनिटांची. बाकी सगळं साधं आहे. शाळा, गृहपाठ, मैदान, मित्रांशी भांडण, मम्मीचा ओरडा, संध्याकाळी घरी परतणं, सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं. नोबिताला शून्य मार्क पडतात, मम्मी चांगलीच झापते. पण जेवायला बसताना त्याची जागा त्याचीच असते. नापास झाला म्हणून त्याला कुणी घरातून उठवत नाही. आपलं पोरगं हेच परत परत बघत असतं.

या मालिकेतली एक गोष्ट प्रत्येक आजीने नातवंडाला मांडीवर घेऊन बघावी. नोबिताची आजी तो लहान असतानाच वारलेली असते. तिची आठवण येते म्हणून तो डोरेमॉनच्या यंत्रातून मागच्या काळात जातो. एवढा मोठा मुलगा समोर येऊन म्हणतो, मीच तुझा नोबिता. आजी एका शब्दानेही शंका घेत नाही. तिची एक इच्छा असते, नातू शाळेत जाताना डोळ्यांनी बघायचा. नोबिता धावत जाऊन दप्तर आणतो आणि पाठीला लावून तिच्यापुढे उभा राहतो.

नातवाच्या पाठीवरचं दप्तर बघायची ही इच्छा आपल्या वस्तीतल्या कुठल्या आजीला समजावून सांगावी लागेल? जिच्या पाठीला कधी दप्तर लागलंच नाही, तिला ते आधीच कळलेलं असतं.

आता आपल्या घरांकडे बघू. लोणंदच्या मार्केटला कांदा निवडायला जाणारी आई अंधार पडता येते, एमआयडीसीत जाणारा बाप पाळीवरून येऊन आडवा होतो. नोबिताला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली आहे, आपल्याकडे एका खोलीत सहा माणसं. पोराला गप्प बसवायला मोबाईल दिला जातो, कारण तेवढा एकच सांभाळणारा हाताशी आहे. यात आईचा दोष नाही. एका मजुरीत घर भागत नाही, वस्तीला मैदान नाही. आईला दूषण देणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

पण एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. मार्क कमी पडले की आपण पोरांना सुनावतो, "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू?" बाबासाहेबांचे कष्ट सांगितलेच पाहिजेत. फक्त ते अर्धेच सांगू नयेत. भीमाबाई गेल्या तेव्हा भीम पाच-सहा वर्षांचा होता. आईविना पोर आपल्याच सातारा जिल्ह्यात वाढलं, ते आत्या मीराबाईच्या मायेवर. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत त्याचं नाव दाखल झालं. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो, पण दाखल्यामागची आत्या विसरतो. पुढे परळच्या चाळीत एकच खोली होती. तिथे सुभेदार रामजी भीमाला लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमाराला त्याला अभ्यासाला उठवत. खोली एकच, तरी मुलाची झोपही जपली आणि अभ्यासही. म्हणजे अठरा तासांच्या मागे कुणाची तरी माया होती, कुणाचं तरी जागरण होतं. आणि त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, कुत्री पाळली. करमणूक म्हणजे चळवळीशी गद्दारी, असं कुणी पोरांना सांगू नये.

डोरेमॉनमध्ये सगळंच चांगलं आहे, असं माझं म्हणणं नाही. जियान दुबळ्याला मारतो आणि ते हसण्यावारी नेलं जातं. नोबिताची मम्मी कायम स्वयंपाकघरात. शिझुका हुशार असूनही तिचं काम बहुतेक वेळा गोड वागण्याचं. म्हणूनच पोराला एकटं बघू देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, "जियानने मारलं ते बरोबर होतं का? पप्पांनी भांडी घासली तर काय बिघडेल?" बाबासाहेबांची समता पोराला अशीही शिकवता येते.

आता आरोग्याचं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला मोबाईल अजिबात नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या आत. जेवताना मोबाईल नको, कारण पोट भरल्याचं पोराला कळत नाही. झोपण्याआधी तासभर बंद. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. दिवसातून थोडा वेळ तरी उघड्यावर, उजेडात खेळू द्या, त्याने डोळ्यांचा नंबर लागण्याचा धोका कमी होतो. फळ्यावरचं दिसत नसेल, डोकं दुखत असेल तर शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा.

मोबाईल हिसकावून घेतला की पोरगं शेजारच्या घरात जाऊन बघतं. म्हणून आधी द्या, मग घ्या. कामावरून आल्यावर पंधरा मिनिटं पोराजवळ बसा. अभ्यास विचारू नका, मार्क विचारू नका. आज काय झालं, एवढंच विचारा. आणि आपले विहार संध्याकाळी कुलूपबंद का असावेत? रविवारी वंदना झाली की पोरांना तिथेच अशी एखादी गोष्ट एकत्र दाखवावी, तिच्यावर बोलावं, मग मैदानी खेळ घ्यावा. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आळीपाळीने एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

एखादं पोरगं दिवसेंदिवस कोपऱ्यात बसत असेल, जेवत-झोपत नसेल, "मी जगून काय उपयोग" असं बोलत असेल, तर तो मोबाईलचा नाद समजून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

परीक्षेचा निकाल लागेल तेव्हा प्रगतिपुस्तक हातात घेण्याआधी पोराला ताटावर बसवा. मार्कांचं जेवणानंतर बोलता येईल.

नमो बुद्धाय, जयभीम!