माशीला कानस लावू नका : जुन्या पिस्तुलाची शिस्त आणि इतिहासाचा पुरावा

१/
वाडवडिलांकडून आलेले, परवान्यावर रीतसर नोंदलेले जुने पिस्तूल ‘खाली मारते’, म्हणून घरच्या घरी त्याची माशी कानशीने घासून ‘नेम सुधारण्याची’ हौस काही शस्त्रप्रेमींना असते. या हौसेला दुरुस्ती म्हटले जाते. वस्तुतः ती पुराव्याची नासधूस आहे, आणि इतिहासावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्यांनीच ती करावी हे अधिक खेदजनक आहे. हा धागा त्या हौसेविरुद्ध.

२/
आधी शब्द समजून घेऊ. ‘शिस्त’ म्हटले की आज शाळेतली रांग आठवते; पण फारसीतून आलेल्या या शब्दाचा मराठीतील जुना अर्थ ‘नेम’ असा आहे. ‘शिस्त धरून बार काढणे’ ही शब्दयोजना त्यातलीच. ही शिस्त धरण्यासाठी पिस्तुलावर दोन खुणा असतात : नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच. माशी खाचेच्या मधोमध आली आणि दोहोंचे माथे एका रेषेत आले, की शिस्त जुळली.

३/
आता गणित. गोळी खाली लागत असेल तर माशी बुटकी करावी लागते, वर लागत असेल तर उंच. समजा, माशी व खाच यांत १५० मिलिमीटर अंतर आहे, लक्ष्य २५ मीटरवर आहे आणि गोळी १०० मिलिमीटर खाली लागते आहे. मग माशीचा किती भाग घासावा लागेल? केवळ ०.६ मिलिमीटर! कानशीचे थोडेसे हात पुरेत. हात जरा जड पडला की गोळी वर जाऊ लागते, आणि घासलेले पोलाद काही केल्या परत येत नाही.

४/
मुळात दोष माशीचाच असतो काय? ब्रिटिश सैन्याचे .३८ एनफील्ड रिव्हॉल्व्हर आरंभी २०० ग्रेन वजनाच्या शिशाच्या गोळीसाठी घडवले गेले. पुढे १७८ ग्रेनची, धातूचे कवच असलेली गोळी आली. जड व मंद गोळी नळीत किंचित अधिक काळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते, म्हणून ती वर लागते. हलकी गोळी तुलनेने खाली लागते. म्हणजे गोळी बदलली की नेमही बदलतो. त्यात माशीचा काय अपराध?

५/
शिवाय चाप हिसक्याने ओढणारा उजवा हात गोळीला हमखास खाली व डावीकडे नेतो. ज्याचा हात स्थिर नाही, त्याने पोलादाला दोष देऊन कानस उचलावी, हा न्याय उफराटा आहे.

६/
इतिहासाच्या अभ्यासकाला माशी काय सांगते? शस्त्र कोणत्या गोळीसाठी, कोणत्या अंतरासाठी आणि कोणत्या हातासाठी घडले, हे ती सांगते. १९१५ मध्ये आलेल्या वेब्ली मार्क सहाची माशी स्क्रूने बसवलेली, म्हणजे बदलता येण्याजोगी होती. आधीच्या नमुन्यांत ती नळीचाच भाग असे. महायुद्धाच्या काळातील हा बदल त्या इवल्याशा पात्यावर वाचता येतो. पाते घासले की ते वाक्य पुसले जाते.

७/
महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्यावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या हाती २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, आणि त्या पिस्तुलांचा माग सरकारने लंडनपर्यंत काढला. शस्त्र हा दस्तऐवज असतो, हे साम्राज्याच्या पोलिसांना पक्के ठाऊक होते. वारसांना ते ठाऊक नसावे?

८/
त्या काळच्या छोट्या ब्राउनिंगवरची माशी बारीक आणि खाच उथळ असे. दूरचे लक्ष्य टिपण्यासाठी ती शस्त्रे नव्हतीच. क्रांतिकारकाला समोरच्या माणसाच्या अगदी जवळ जावे लागे, आणि जवळ जाणे म्हणजे निसटण्याची आशा सोडणे. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. तशा पिस्तुलावर कोणी ‘सोयीची’ मोठी माशी बसवली, तर पुढचा विद्यार्थी त्या धाडसाचे मोजमाप कशाने करणार?

९/
दुसरे उदाहरण भगतसिंगांच्या .३२ कोल्ट पिस्तुलाचे. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात अनेक वर्षे अनाम पडून होते. गंजू नये म्हणून त्यावर काळ्या रंगाचा थर दिला होता. तो खरवडल्यावर खालचा क्रमांक दिसला, जुन्या नोंदींशी जुळला आणि शस्त्राची ओळख पटली. रंग खरवडता आला, म्हणून इतिहास परत मिळाला. तिथे कानस फिरली असती तर?

१०/
हे पनवेलच्या मातीला तरी वेगळे सांगावे लागू नये. कर्नाळ्याच्या परिसरातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. जन्म १८४५ चा. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी धामारीवर पहिला छापा घातला, जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या कारावासात त्यांचा अंत झाला. त्यांचे आत्मचरित्र आणि दैनंदिनी सरकारने जप्त करून खटल्यात त्यांच्याच विरुद्ध वापरली.

११/
त्या दैनंदिनीचे शुद्धलेखन आज कोणी लेखणीने ‘सुधारू’ लागला, तर पनवेलकर त्याला दारात तरी उभा करतील काय? मग त्याच काळातल्या एखाद्या शस्त्राची माशी ‘सुधारणाऱ्याला’ कारागीर का म्हणावे? कागदाला जो न्याय, तोच पोलादाला.

१२/
जुनी शस्त्रे मुळात दुर्मीळ का, याचेही कारण ऐतिहासिक आहे. फडक्यांच्या उठावाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनांना सूट. त्या कायद्याच्या चाळणीतून एतद्देशीयांच्या घरात जे उरले, ते आधीच थोडे आहे. त्यातलेही आपणच घासून टाकावे काय?

१३/
यावर एक सबळ आक्षेप आहे : सैन्यातले शस्त्रकारागीरही माश्या घासतच होते ना? होते. पण ते ठरलेल्या गोळीनिशी, ठरलेल्या अंतरावर आणि तपासनिसाच्या नजरेखाली. त्यांच्या कानशीची खूण हाही आता इतिहासच आहे. आजची रेघ त्या खुणेवर ओढली की दोन्ही वाचता येत नाहीत.

१४/
दुसरा आक्षेप : नेमावर न लागणारे पिस्तूल ठेवून उपयोग काय? ज्याला नेमबाजीच करायची आहे, त्याला पनवेल सोडूनही जावे लागत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ क्लब तिथेच आहे. स्पर्धेच्या आधुनिक पिस्तुलाची मागची खाच स्क्रूने टिचकी-टिचकीने सरकते आणि तशीच परतही आणता येते. हौस तिथे भागवावी. आजोबांच्या पिस्तुलावर नव्हे.

१५/
कायदाही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली येतो; बदल, दुरुस्ती व चाचणी यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना म्हणजे कानशीचा परवाना नव्हे. कलम ८ शस्त्रावरचा क्रमांक पुसण्यास मनाई करते. क्रमांकाला कायद्याचे संरक्षण आहे. माशीला मात्र इतिहासप्रेमींच्या विवेकाखेरीज दुसरा त्राता नाही.

१६/
तरीही शिस्त जुळवायचीच असेल, तर परवानाधारक कारागिराकडे जावे. माशी स्क्रूची असेल तर नवे पाते करून घ्यावे आणि मूळ पाते चिठ्ठीसह जपून ठेवावे. माशी नळीचाच भाग असेल तर तिला हात लावू नये. नेम किती चुकतो ते टिपून ठेवावे आणि तेवढा हात वर धरावा. परत फिरवता येईल तेवढाच बदल क्षम्य.

१७/
जुन्या पिस्तुलासमोर शिस्त माणसाने बदलायची असते. शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात : नेम चुकला तरी चालेल, संयम सुटता कामा नये.

(धागा समाप्त)