जांभूळ खावे, गोळी सोडू नये

मे सरत आला की रेल्वे स्थानकांबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका दिसू लागतात. बहाडोलीची, बदलापूरची टपोरी जांभळे. जीभ जांभळी होईपर्यंत हात थांबत नाही. याच दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाचे रुग्ण हमखास विचारतात, 'डॉक्टर, जांभूळ चालेल ना?' काही जण मात्र न विचारताच बियांची पूड सुरू करतात आणि गोळी बंद करतात.

फळाबद्दल तक्रार नाही. १०० ग्रॅम गरातून साधारण ६० कॅलरी, १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि थोडे क जीवनसत्त्व मिळते. गडद रंग अँथोसायनिनचा, ब्लॅकबेरीत असतो तोच. मधुमेहींनी मूठभर जांभळे जरूर खावीत, पण दिवसाच्या फळांच्या हिशेबात धरून. जांभळाने 'रक्त वाढते' हा समज सोडावा. रंग म्हणजे लोह नव्हे. बाटलीतल्या सरबतात साखर असते. आणि रक्तदाब असेल तर वरून भुरभुरवलेले मीठही नको.

खरा प्रश्न बियांचा. आयुर्वेदात त्या पूर्वापार वापरल्या जातात. १९२१ साली इन्सुलिन सापडण्याआधी युरोपातले डॉक्टरही मधुमेहावर त्या देत. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची साखर त्यांनी उतरलेली दिसते. पण माणसांवरच्या चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या. ब्राझीलमध्ये लोक मधुमेहावर जांभळाच्या पानांचा चहा पितात. तिथे त्याची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा साखर उतरली नाही.

गोळी सोडल्यावर लगेच काही दुखत नाही, हीच अडचण आहे. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा गुपचूप खराब होत राहतात आणि पायाची जखम भरेनाशी झाली की कळते. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन थांबवले, तर दोन-तीन दिवसांतही जीव धोक्यात येतो. उलट गोळी आणि पूड दोन्ही चालू असतील, तर साखर फार खाली जाण्याचीही शक्यता असते. म्हणून डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

रुग्ण पूड लपवतात, कारण डॉक्टर ओरडतात. हा दोष डॉक्टरांचा. गर्दीत एकेका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात, तरी 'आणखी काय घेता?' हे न रागावता विचारता येते. पूड घ्यायचीच असेल, तर गोळी चालू ठेवून, घरी साखरेवर लक्ष ठेवून आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासून.